आईचा विमा आणि गल्लीची दुखणी

आमच्या येवल्यातल्या गल्लीत सोळा घरं होती, अकरा माग होते आणि दवाखान्याचा केस पेपर एक होता. तो आमच्या आईच्या नावाचा होता.

गावात एक धर्मादाय दवाखाना होता. तिथे नवा केस पेपर काढायचा तर सकाळी सातला खिडकीपुढे उभं राहायचं. खिडकी साडेआठला उघडायची, दहाला बंद व्हायची आणि मधल्या दीड तासात खिडकीतल्या माणसाचा दोनदा चहा व्हायचा. जुना पेपर असला की ही रांग नाही, थेट डॉक्टरांसमोरच्या बाकावर. आईचा पेपर माझ्या जन्माच्या वेळी निघालेला, म्हणजे चांगलाच जुना. दाराशेजारच्या खुंटीला नायलॉनच्या पिशवीत तो लटकलेला असायचा. ज्याला बरं नसेल तो यायचा.

"वहिनी, पेपर नेते गं."

"ने. पण दुपारच्या आत आण. थोरल्या जाऊबाईंना दम्याचं इंजेक्शन हाय."

एकाच दिवशी एकाच पेपरवर सकाळी ताप आणि दुपारी दमा. दारातला शिपाई नंबर बघायचा, डॉक्टर जीभ बघायचे. तोंड कुणीच बघत नव्हतं. पान भरलं की मागे नवं पान टाचायचे. असा तो पेपर वाढत गेला.

हसण्यासारखंच आहे, पण जरा थांबा. पैठणीच्या मागावरचं माणूस उठलं की माग थांबतो. मजुरी साडी उतरल्यावर. रांगेत सकाळ गेली की पदरावरच्या मोराला त्या दिवशी पिसारा येत नाही, आणि घरात डाळ येत नाही. आमच्या घरात दोन माग, दोन खड्डे. एका खड्ड्यात वडील पाय सोडून बसलेले, दुसऱ्यात आई. मी मधे बसून कांड्या भरत अभ्यास करायची. आजारी पडायला आमच्याकडे जागाच नव्हती.

वडिलांनी मात्र तो पेपर कधी वापरला नाही. "बाईच्या नावावर औषध आणायला जाऊ?" म्हणायचे. स्वतःच्या नावाचा काढायला सकाळ मोकळी मिळाली नाही. छातीत दुखायला लागलं तेव्हा म्हणाले, "एवढी साडी उतरू दे, मग बघू." साडी उतरली. शेवटची वीतभर आईने विणली, तेरावं झाल्यावर.

त्या घरातून मी बी.कॉम. झाले. दोन्हीकडच्या खानदानात पहिली. हे मी कुणी विचारलं तरी सांगते आणि नाही विचारलं तरी सांगते. एसटीने नाशिकला आले, अंबडच्या एका कारखान्यात खरेदी विभागात लागले, आज त्या विभागाची प्रमुख आहे. लग्न केलं नाही. त्याची काळजी गल्लीने पुरेशी केली. माग मोडले तेव्हा आईला सिडकोतल्या माझ्या फ्लॅटवर आणलं. आई आता सहासष्ट वर्षांची. खड्ड्यात पाय सोडून बसण्यात आयुष्य गेलं, त्यात गुडघे गेलेत. बाकी तिची तब्येत आणि जीभ दोन्ही ठणठणीत.

कारखान्याच्या ग्रुप पॉलिसीत आईला धरलेलं आहे, वर्षाला तीन लाखांपर्यंत. मला वाटायचं, झालं. मग आमच्या स्टोअरमधल्या एकाच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन निघालं. त्यांचे तीन लाख चौथ्या दिवशी संपले. पाचव्या दिवशी तो ऑफिसात आला आणि आमच्या सगळ्यांकडे बघत राहिला. आम्ही सगळे आपापल्या कॉम्प्युटरकडे बघत राहिलो. त्या दिवशी घरी येताना मी ठरवलं की आईसाठी वरचं कव्हर घ्यायचं. मला एकच गोष्ट हवी होती. डॉक्टर आईला म्हणाले की दाखल व्हा, तर आईने "एवढं होऊ दे, मग बघू" म्हणता कामा नये. आमच्या घरात ते वाक्य एकदा बोलून झालं होतं.

इंटरनेटवर गेले. एका साइटवर मोठं हिरवं बटण होतं: तुलना करा. दाबलं. तुलना दाखवायच्या आधी त्यांनी माझा मोबाइल नंबर मागितला. दिला. कारखान्यात बॉल बेअरिंगचे भाव काढताना चार पुरवठादारांच्या नाकी नऊ आणणारी मी, एका बटणासाठी नंबर देऊन मोकळी झाले. पुढचे आठ दिवस मी आंघोळीला गेले तरी फोन, मीटिंगला बसले तरी फोन. "मॅम, पेरेंट्स की हेल्थ के बारे में दो मिनिट." दोन मिनिटं कधी झालीच नाहीत.

एका रविवारी मी भाजीला गेले आणि फोन घरी राहिला. परत आले तर आई सोफ्यावर मांडी घालून फोनवर. चांगली वीस मिनिटं. ठेवल्यावर म्हणाली, "ती इंदूरची पोरगी हाय. लय गोड बोलती. दिवसाला दीडशे फोन करती बिचारी."

"अगं, पॉलिसीचं काय म्हणाली?"

"ते राहिलंच. तिच्या आईला पित्ताचा त्रास हाय, मी कोकम सांगितलं. तिच्या आईचा विमा नाय म्हणे. परवडत नाय."

त्या आठ दिवसांत विमाधंद्याबद्दल मला मिळालेली ही सगळ्यात खरी माहिती.

माहितीपत्रकांचा तर घरात ढीग झाला. प्रत्येकावर एक आजी-आजोबा. केस पांढरे, दात पांढरे, बूट पांढरे, आणि दोघं समुद्रकाठी पळतायत. आईने एक पत्रक हातात घेऊन लांब धरलं, जवळ धरलं.

"ही आजारी हायेत?"

"नाही गं. विमा घेतल्याचा आनंद झालाय त्यांना."

"पळत कुठं निघालेत मग? हप्ता भरायला?"

शेवटी सोसायटीतले एक काका आले. बँकेतून निवृत्त झाल्यावर विमा सल्लागार झालेले. सोसायटीत निवृत्त झालेले सगळे पुरुष एक तर विमा विकतात नाहीतर पार्किंगवरून भांडतात. हे दोन्ही करायचे. आईने चिवडा पुढे ठेवला. काकांनी बॅगेतून टॉप-अपचं पत्रक काढलं.

"मावशी, एकदम सोपं आहे. पहिले तीन लाख मुलीची ऑफिसची पॉलिसी देणार. त्याच्यावर जे काही जाईल ते आमचं टॉप-अप देणार. टेन्शनच नाही."

आई म्हणाली, "आन समजा, दिवाळीत एकदा अडीच लाख लागले. संक्रांतीला परत अडीच लागले. मग?"

काकांचा हात बशीत थांबला.

"तसं काय आहे मावशी, यात प्रत्येक वेळचं बिल तीनच्या वर जायला लागतं."

"म्हंजे एकदाच काय ते मोठं पडायचं. दोनदा थोडंथोडं पडलेलं नाय चालत."

"त्याच्यासाठी सुपर टॉप-अप असतं ना. त्यात अख्ख्या वर्षाची बेरीज धरतात."

"मग ते का नाय काढलं बॅगेतून?"

"ते जरा महाग जातं," काका म्हणाले, आणि मग म्हणाले, "चिवडा फार छान झालाय."

मी बी.कॉम. पत्रकं आठ दिवस वाचत होते. हा प्रश्न मला पडला नव्हता. आईची शाळा चौथीपर्यंत, पण शेठशी मजुरी बोलण्यात तिचा जन्म गेलेला. समोरचा माणूस कोणती गोष्ट बॅगेतच ठेवतोय, हे तिला वासाने कळतं.

मग मी तक्ता केला. पाच कंपन्यांचे पाच सुपर टॉप-अप, आडवे रकाने, उभे रकाने, तीन रंगांची पेनं. तक्ता कसा देखणा झाला होता! एकीत दर बिलाचा पाचवा हिस्सा आपण भरायचा. तिच्या पत्रकावरचे आजी-आजोबा सगळ्यात जास्त हसत होते. दुसरीत खोलीच्या भाड्याला एवढी मर्यादा की नाशिकमध्ये त्यात खाट मिळाली असती, खोली नाही. तिसरी आईच्या वयाला नवीन माणूस घेतच नव्हती, पण फोन मात्र रोज करत होती. चौथीत आधीच्या दुखण्यांसाठी तीन वर्षं थांबायचं होतं. पाचवीत दोन वर्षं, खोलीला मर्यादा नाही, आपला वाटा नाही. मी पाचवीवर हिरव्या पेनाने गोल केला.

आई तक्ता बघून म्हणाली, "सत्तरीनंतर सरकारचं कार्ड मिळतं म्हणे."

"तुला चार वर्षं आहेत त्याला."

"मग चार वर्षं आजारी नाय पडायचं, एवढंच ना? आतापर्यंत कुठं पडले?"

या वाक्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

अर्जात एक ओळ होती: आधीच्या उपचारांचे सर्व कागद जोडावेत. काका म्हणाले, ही ओळ कुणी मनावर घेत नाही. मी घेतली. खोटं लिहायचं असतं तर त्याला पदवी कशाला लागली असती? मी आईच्या पत्र्याच्या पेटीतून ती नायलॉनची पिशवी काढली.

"कशाला देतीस ती रद्दी?" आई म्हणाली.

"आई, विम्यात काही लपवायचं नसतं. तुला यातलं कळत नाही."

आता लोक मला विचारतात, अगं, गल्लीची पद्धत तुला माहीत नव्हती का? होती. चांगली माहीत होती. मी स्वतः लहानपणी तो पेपर घरोघरी पोचवायची. पण हातात तक्ता, समोर अर्ज आणि नावापुढे बी.कॉम. असलं की माणसाला खुंटीवरची पिशवी दिसत नाही, मेडिकल हिस्ट्री दिसते. डॉक्टरांचं अक्षर मला लागत नव्हतं, म्हणून वाचलंही नाही. झेरॉक्सच्या दुकानात त्रेचाळीस पानं स्कॅन केली, क्रमाने लावली आणि पाठवून दिली. काका म्हणाले, इतकी व्यवस्थित फाइल त्यांनी आजवर पाहिली नाही. मी घरी येताना पेढे आणले.

पाचव्या दिवशी कंपनीच्या डॉक्टरणीचा फोन आला. मराठी बोलणारी, आवाज तरुण. मी स्पीकर लावला.

"आजी, तुमच्या कागदांवरून काही विचारायचं होतं. दमा कधीपासून आहे?"

"दमा मला नाय. तो थोरल्या जाऊबाईंचा."

पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला.

"बरं. शुगर?"

"शुगर कोपऱ्यावरच्या वहिनींची. आता सुटली त्यांची, गेल्या त्या."

"आजी, इथे तुमचं वय पन्नास असतानाची गरोदरपणातली तपासणी आहे."

"ती नणंदेची सून. पहिलटकरीण होती, माहेरी कुणी नव्हतं. मुलगा झाला. आता दहावीला हाय."

मी हातवारे करून आईला गप्प बसायला सांगत होते. आई माझ्याकडे बघतच नव्हती. तिला बऱ्याच दिवसांनी गल्लीची चौकशी करणारं कुणी भेटलं होतं.

"आजी," डॉक्टरणीचा आवाज आता जरा घट्ट झाला होता, हसू दाबल्यासारखा, "इथे प्रोस्टेट वाढल्याचं लिहिलंय."

"ते काय असतं?"

"ते... पुरुषांना असतं. लघवी अडते."

"हां! ते समोरचे भाऊजी. लय हाल झाले होते त्यांचे."

"मग आजी, या त्रेचाळीस पानांत तुमचं स्वतःचं काय आहे?"

आईने विचार केला. खरंच केला, छताकडे बघून, बोटांवर मोजून.

"पहिलं पान," ती म्हणाली. "ही झाली तेव्हाचं. बाकी माझं काय नाय. मला कुठं वेळ होता?"

फोन ठेवून मी ती त्रेचाळीस पानं पुन्हा उघडली. आई म्हणाली, "चांगली होती पोरगी. पण पगार कमी असंल. आवाज दमला होता."

तीन दिवसांनी पत्र आलं. अर्जदारास अनेक गंभीर आजार असल्याने प्रस्ताव नाकारण्यात येत आहे. डॉक्टरणीने फोनवर ऐकलेलं बहुतेक तिच्या फॉर्ममध्ये कुठे लिहायची सोय नव्हती. फॉर्ममध्ये आजाराचा रकाना असतो. आजार कुणाचा, हा रकाना कुणाच्या डोक्यात येणार?

काका म्हणाले, "दुसऱ्या कंपनीत टाकू. कागदच जोडायचे नाहीत."

"दुसरीच्या अर्जात विचारलंय, आधी कुणी नाकारलं आहे का?"

"नाही लिहायचं. सगळे लिहितात."

"काका, उद्या आई दाखल असताना त्यांना हे सापडलं तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू," काका म्हणाले.

तेच वाक्य. जरा सुटाबुटात. मी काकांना चहा न देता वाटेला लावलं.

कंपनीच्या तक्रार विभागाला मी सरळ पत्र लिहिलं. उत्तर आलं: नोंदी चुकीच्या असतील तर तसा लेखी पुरावा द्या आणि अर्जदाराच्या संपूर्ण तपासण्या करून घ्या, मग फेरविचार करू. दवाखाना कधीच बंद पडला होता. म्हणजे पुरावा एकच, ज्याचं दुखणं त्याने लिहून द्यायचं. मी आणि आईने येवल्याची एसटी धरली.

पुढचा प्रकार मी जन्मात विसरणार नाही. आमच्या जुन्या घराच्या ओट्यावर आई बसली, मी त्रेचाळीस पानं मांडली, आणि बायका जमल्या. लग्नात उसनी नेलेली भांडी परत न्यायला जमाव्या तशा.

"हा दमा माझा. दे इकडं."

"आन हा ताप?"

"तो कोणता? पावसाळ्यातला का? तो हिचा."

"माझा नाय! माझा टायफाइड. साधा ताप हिलाच यायचा."

"टायफाइडची मिजास बघा!"

मी प्रत्येकीकडून लिहून घेत होते: अमुक पानावरचा आजार माझा असून या बाईंचा त्याच्याशी संबंध नाही. कुणी सही केली, कुणी अंगठा. शुगरवाल्या वहिनींच्या मुलाने आईच्या मृत्यूचा दाखला आणून दिला. खरेदी विभागात मी इतकी चोख पावती कधी कुणाकडून घेतली नसेल. दुपारपर्यंत सगळी दुखणी ज्याच्या त्याच्या घरी गेली. राहिला प्रोस्टेट.

समोरच्या घरातले तात्या दारातून बघत होते. वय अठ्ठ्याहत्तर, अंगात बंडी, काठी नुसती हातात, टेकवायची गरज नाही. वडिलांचे जोडीदार, दोघांनी एकाच महिन्यात माग टाकलेले.

"तात्या, या ना. तेवढी एक सही."

"मी नाय. मी कशाला बाईच्या पेपरवर जाऊ?"

बायकांत खसखस पिकली. तात्या आणखी ताठ झाले. "गावात माझी काय इज्जत हाय का नाय? लिहून देऊ, की मी हिच्या नावावर..."

"भाऊजी," आई म्हणाली, "मुतायला होत नव्हतं तवा पहाटे दार वाजवलं होतं तुम्ही. पेपर मी दिला. तवा नाव वाचलं होतं का?"

तात्यांनी काठी जमिनीला टेकवली.

"त्या डॉक्टरने विचारलं असंल, बाईचा पेपर कसा?"

"इचारलं," तात्या हळू म्हणाले. "मी म्हणलं, घाईत बायकोचा उचलला. लिहा यावरच."

"बरं केलं," आई म्हणाली. तिच्या आवाजातली थट्टा एकाएकी गेली होती. "लय बरं केलं भाऊजी. आमच्या घरातल्यांना नाय जमलं ते. खुंटी हाताच्या अंतरावर होती."

ओट्यावर कुणी हसलं नाही. तात्या खाली उतरले, माझ्या शेजारी बसले, पेन मागितलं. सही करताना मान वर न करता मला म्हणाले, "तुझ्या बापाला मी म्हणलो होतो. चल, मी बी त्याच पेपरवर जातो. ऐकलं नाय."

मला हे माहीत नव्हतं. आईला होतं, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं.

परत आल्यावर आईच्या तपासण्या केल्या. रक्त, छातीची पट्टी, सोनोग्राफी, डोळे, गुडघ्यांचे फोटो. लॅबमधली मुलगी दंडाला पट्टा बांधायला लागली तेव्हा आईने मला विचारलं, "हे सगळं माझ्या एकटीचं?"

"तुझ्या एकटीचं."

"मग नीट कर गं बाई," ती त्या मुलीला म्हणाली. "परत कुणाला द्यायचं नाय."

मी कंपनीला फाइल पाठवली: जबाब, दाखला, तपासण्या आणि दोन पानांचं पत्र. या वेळी प्रत्येक पान वाचून. महिन्याभराने कंपनीने चूक कबूल केली नाही, कारण कंपन्या ते करत नाहीत. "नवीन माहितीच्या आधारे" प्रस्ताव स्वीकारला.

आईचा सुपर टॉप-अप सुरू झाला आहे. ऑफिसच्या तीन लाखांच्या वर दहा लाख, वर्षभराची सगळी बिलं एकत्र धरून, ज्या खोलीत डॉक्टर ठेवतील त्या खोलीत. त्यात दोनच दुखणी नोंदलेली आहेत, गुडघे आणि थोडं ब्लड प्रेशर. दोन्ही तिची स्वतःची आहेत.